पुंडलिकरावांचा बुरूज

गाडीच्या टूलबॉक्समध्ये नटबोल्ट साठतात ना, तसे किस्से साठतात. कुठल्या गाडीचा कोणता नट हे सांगता येत नाही, पण फेकून द्यायला हातही धजत नाही. आमचा टूलबॉक्स तर भरून वाहतो आहे. आम्ही म्हणजे अकोल्याचे रिटायर झालेले एसटीवाले. रोज सकाळी सात वाजता स्टँडसमोरच्या टपरीवर जमतो. बोलावत कोणी नाही, पण कोणी उशिरा आलं की इंगळे घड्याळ पाहून म्हणतो, "बारा मिनटं लेट." इंगळे कंट्रोलर होता. रिटायर होऊन सहा वर्षं झाली, घड्याळ अजून ड्यूटीवर आहे.

टपरीवरचे सगळे किस्से सांगत बसलो तर पुढची दिवाळी इथेच होईल. म्हणून एका सहलीपुरतेच सांगतो. गेल्या हिवाळ्यात आम्ही कोकणात एक बुरूज पाहायला गेलो. समुद्राच्या काठावरचा, जुन्या काळी शत्रूची गलबतं अडवायला बांधलेला. आता आत छोटंसं संग्रहालय केलंय. वऱ्हाडातून दोन दिवस प्रवास करून बुरूज पाहायचा, ही बुद्धी आमच्यापैकी कोणाचीच नव्हती. ती शोभावहिनींची होती. का होती, ते सांगितल्याशिवाय गाडी पुढे हलायची नाही.

*

शोभावहिनी म्हणजे आमचे ड्रायव्हर पुंडलिकराव यांच्या मिसेस. तीसेक वर्षांपूर्वी एका शाळेची सहल घेऊन पुंडलिकराव आणि मी कोकणात गेलो होतो. लांबचा पल्ला म्हणून दोन ड्रायव्हर. नेमकं त्याच आठवड्यात वहिनींच्या धाकट्या बहिणीचं लग्न. पुंडलिकरावांनी ड्यूटी बदलून घेतो म्हणून कबूल केलं होतं आणि साफ विसरले. मोठा जावईच लग्नात नाही! घरी गेल्यावर काय होणार, या धास्तीनं हा माणूस परतीच्या वाटेवर नीट जेवलासुद्धा नाही.

घराच्या पायरीवर उभं राहिल्यावर त्यांना सुचलं. म्हणाले, "शोभा, तुह्यी लय आठवन आली वं. तिथं समुद्राच्या काठी भल्ला मोठा बुरूज हाय. त्याच्यावर चढलो अन् तुह्यं नाव कोरून आलो. टॉमीनं."

टॉमी म्हणजे चाक खोलताना लागते ती लोखंडी सळई. वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. मी बॅगा घेऊन मागे उभा होतो. म्हणालो, "हाव वयनी. टॉमी म्यांच देल्ती."

खरं काय ते आता सांगायला हरकत नाही. शाळेची पोरं बुरुजावर चढली तेव्हा पुंडलिकराव गाडीच्या मागच्या लांब सीटवर घोरत होते आणि मी खालच्या खानावळीत मासे खात होतो. बुरुजाची पहिली पायरीसुद्धा आम्ही दोघांनी पाहिली नाही.

पण राग गेला. नुसता गेला नाही, वहिनींनी ते नाव जिवाशी धरलं. लग्नात, बारशात, वाटेल तिथं सांगू लागल्या, "यायनं समुद्रावर माह्यं नाव कोरलं हाय." पहिल्या वर्षी अक्षरं वीतभर होती. मुलीच्या लग्नापर्यंत हातभर झाली. नातू झाला तेव्हा तर ती जहाजावरून वाचता येत होती! पुंडलिकराव निर्धास्त होते. अकोल्याहून समुद्र किती लांब आहे, हे त्यांना गाडी चालवून माहीत होतं.

आणि एक दिवस जावयानं मोबाईलवर त्याच बुरुजाचा फोटो दाखवला. आत म्युझियम झालंय म्हणाला. वहिनींनी फोटो डोळ्यांजवळ नेला, लांब नेला, आणि म्हणाल्या, "मले जायचं हाय. माह्यं नाव पाह्यचं हाय."

दुसऱ्या दिवशी टपरीवर पुंडलिकरावांचा चहा तसाच राहिला. "सुधाकर," मला म्हणाले, "पस्तीस वर्साचा संसार हाय बे. माह्या बायकोनं माह्याबद्दल कवतिकानं एकच गोष्ट सांगतली आयुष्यात. अन् तेच खोटं हाय."

मला आधी हसू आलं. मग त्यांचा चेहरा पाहिला आणि वाईट वाटलं. त्या खोट्याला साक्षीदार मीच होतो.

*

दहा जणांसाठी मिनीबस ठरवली. गाडी चालवणारा मनोहर, पंचेचाळिशीचा, मोठा शांत माणूस. त्याचं नशीब फुटकं, म्हणून मागे बसलेल्यांत चार जण ड्रायव्हर निघाले.

पातूरच्या घाटात प्रत्येक वळणावर चार उजवे पाय एकदम खाली दाबले जायचे आणि गाडीच्या पत्र्याचा धप्प आवाज यायचा. जोडीला सूचना होत्याच. "गेर टाक." "हॉर्न दे ना." "त्याले साइड काहून देऊन राह्यला?" "क्लच सोड बाप्पा, क्लच."

मेहकरला चहासाठी थांबलो. मनोहरनं किल्ली काढली, सरळ पुंडलिकरावांच्या हातावर ठेवली आणि म्हणाला, "काका, तुमीच चालवा. मी मांगं बसतो."

चौघंही चहाच्या ग्लासात पाहू लागले. शेवटी पुंडलिकरावांनी किल्ली परत दिली. "ना बाप्पा. आमी रिटायर मानसं. डोयाले दिसत नाही आता."

"मंग घाटातलं वळन कसं दिसलं?"

"वळन कुठी दिसलं? तुह्यी चूक दिसली."

*

दुसऱ्या दिवशी दुपारी बुरूज दिसला. लाल जांभ्या दगडाचा, गोल, बुटका. एका बाजूला खाडी, समोर समुद्र.

गाडीतून उतरल्याबरोबर पुंडलिकरावांच्या तोंडून निघून गेलं, "एवढासाच हाय काय?"

वहिनी वळल्या. "काहून? तुमी तं चढले होते ना?"

"तेव्हा मोठा होता," पुंडलिकराव म्हणाले.

वाटेत त्यांनी सगळं करून पाहिलं होतं. सोमवारी म्युझियम बंद असते म्हणाले, तर तो बुधवार निघाला. पायऱ्यायवर साप असते म्हणाले. तुह्ये गुडघे दुखतीन म्हणाले. वहिनींचे गुडघे खरंच दुखतात. डॉक्टरनं जिना वर्ज्य केलाय. पण त्यांनी पर्समधून दोन्ही गुडघ्यांचे पट्टे काढले आणि पहिल्या पायरीवर बसून ते बांधायला घेतले. त्यांना पाहून मला वाटलं, ही बाई आज चढणार आणि आमच्या पुंडलिकरावांचा चेहरा उतरणार.

तिकीट खिडकीत परब नावाचे गृहस्थ होते. संग्रहालयाचे रखवालदार, गाईड, झाडूवाले, सगळं तेच. पुंडलिकरावांनी त्यांना हळूच बाजूला घेतलं. "भाऊ, वर चुनागिना मारला असंन ना?"

परबांना फार लागलं ते. "छे हो! मूळ दगडाला आम्ही बोट लावत नाही. जसं होतं तसं ठेवलंय."

"सिमेंट?"

"नाव काढू नका."

"मंग पडझड तरी झाली असंन. समुद्र हाय, वारं हाय."

"देवाच्या कृपेनं एक चिरा हललेला नाही," परब अभिमानानं म्हणाले. जुनी वास्तू शाबूत आहे हे ऐकून इतका खचलेला माणूस त्यांनी नोकरीत पाहिला नसेल.

*

खालच्या दालनात नांगर, तोफगोळे आणि भिंतीवर मोठा नकाशा. त्यावर समुद्रातून येणारा एक लाल बाण. परब माहिती सांगत होते, "शत्रूची जहाजं या बाजूनं येत."

इंगळे पुढे सरकला. "टाइम काय होता?"

"कसला टाइम?"

"यायचा. सकाळची येत होती का संध्याकाळची?"

परब म्हणाले, "अहो, शत्रू होता तो. तो कधीही येणार."

"मंग पहारेकऱ्यायले कसं समजे, लेट हाय का कॅन्सल हाय?"

परबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "नाही समजायचं. रोज वाट बघत उभं राहावं लागायचं."

इंगळेनं मान डोलावली आणि आमच्याकडे वळून गंभीरपणे सांगितलं, "चौकशी खिडकी नव्हती."

*

रहीमभाई आमच्या वर्कशॉपचे मेकॅनिक. बिघडलेली वस्तू पाहिली की या माणसाला बसवत नाही. दालनाच्या मध्यावर लाकडी गाड्यावरची तोफ होती. समोर पाटी, 'हात लावू नये'. परब पाठ फिरवून गलबतांची माहिती देत होते. ते वळले तेव्हा तोफेखालून रहीमभाईंचे फक्त दोन पाय बाहेर दिसत होते.

"अहो काका! बाहेर या!"

"दो मिनिट," खालून आवाज आला. "चाक जाम है इसका. कब से खडी है?"

"दोनशे वर्षं!"

"सर्विसिंग?"

परबांनी त्यांना पाय धरून ओढायचंच बाकी ठेवलं. रहीमभाई निघाले, हात झटकले, तोफेच्या नळीत एक डोळा लावून पाहिलं आणि दाराजवळच्या अभिप्रायाच्या वहीकडे गेले. त्यांच्या आधी कोणी तरी 'अप्रतिम वास्तू, इतिहास जिवंत झाला' असं लिहिलं होतं. त्याखाली रहीमभाईंनी वर्कशॉपच्या सवयीनं लिहिलं, 'तोफ पाहिली. चाक जाम. नळीत कचरा. ग्रीस नाही. ट्रायल घेतली नाही.' खाली सही ठोकली.

*

जिन्याकडे निघताना परबांचा एक आवडता विषय निघाला. वर गच्चीच्या भिंतीवर लोकांनी नावं कोरून ठेवलीत, तो. "एकेक नाव वाचलं की माझं डोकं फिरतं. या मूर्खांपैकी एक जरी हातात सापडला ना, पोलिसांतच देईन."

शोभावहिनी अभिमानानं पुढे झाल्या. "माह्या मिस्टरनं पन कोरलं हाय."

परबांनी पुंडलिकरावांकडे पाहिलं. पुंडलिकरावांनी माझ्याकडे पाहिलं. मी नांगर पाहत होतो. कोरलं म्हणावं तर पोलीस, नाही म्हणावं तर वहिनी. एवढ्या अडचणीत मी त्यांना अरुंद पुलावर समोरून ट्रक आला तेव्हासुद्धा पाहिलं नव्हतं.

"आधी पाहू तं द्या, हाय का वर," पुंडलिकराव म्हणाले.

"चला," परब म्हणाले, "मीही येतो." आणि कमरेची किल्ली सावरत आमच्यामागे निघाले.

*

जिना म्हणजे दगडात कोरलेला पोकळ नळ. बेचाळीस पायऱ्या, गोल गोल, एका वेळी एकच माणूस. आम्ही निम्मे चढलो आणि वरून कॉलेजच्या पंधरा-वीस पोरी उतरायला लागल्या. मध्येच गच्च. वहिनींना ना वर जाता येई, ना बसता येई. पोरी किंचाळताहेत, आमचे ड्रायव्हर "रिव्हर्स घ्या, रिव्हर्स घ्या" म्हणताहेत, आणि रिव्हर्स कोणी घेत नाही.

मधल्या टप्प्यावर एक कोनाडा होता. त्यात जहाजावरची जुनी पितळी घंटा टांगलेली. त्या कोनाड्याशी नेमके आमचे महादेवभाऊ अडकले होते. चौतीस वर्षं कंडक्टर. घंटेची दोरी समोर लोंबते आहे, पुढे गर्दी आहे, आता त्यांचा काय दोष! हात आपोआप वर गेला. टण्.

जिन्यातले चारही ड्रायव्हर जागच्या जागी थांबले. उचललेला पायसुद्धा तसाच राहिला. पोरीही दचकून गप्प झाल्या.

"पुढचे लोक भिंतीले चिकटा," महादेवभाऊंचा आवाज घुमला. "उतरनारे पह्यले. दप्तर हातात घ्या. चला, चला, पुढं सरका." एकेक करून पोरी आमच्या अंगावरून निघाल्या. शेवटची गेली तशी महादेवभाऊंनी खाली वाकून पाहिलं, कोणी राहिलं नाही याची खात्री केली आणि दोरी दोनदा ओढली. टण् टण्.

चौघं ड्रायव्हर एकदम निघाले.

खालून परब ओरडत होते, "घंटेला हात कोणी लावला?" पण वर पोचल्यावर त्यांनी महादेवभाऊंना गाठून विचारलं, रविवारी तुम्हाला इकडे येता येईल का. रविवारी फार गर्दी असते म्हणे.

*

गच्चीवर आलो. समुद्र होता, भरपूर होता. पण तो कोणी पाहिला नाही. सगळे भिंती पाहत होते.

गोल भिंत, छातीएवढी उंच, आणि आतल्या बाजूनं नुसती नावं. विकी. संजू-मंजू. एका पठ्ठ्यानं आपला परीक्षेचा नंबर टाकलेला. शोभावहिनींनी चष्मा लावला आणि दारापासून सुरुवात केली. दगडावर बोट ठेवून एकेक नाव वाचत त्या सरकत होत्या. मी आधार द्यायला गेलो तर म्हणाल्या, "राहू द्या भाऊजी. दिसंन आता."

पुंडलिकराव दुसऱ्या टोकाला उभे होते. मी जवळ गेलो. घामानं शर्ट भिजला होता.

"सांगून टाकतो बे," ते म्हणाले. "पोलिसायचं काही नाही. पन ते कशी एकेक नाव वाचून राह्यली, पाह्य. मले पाहवत नाही."

"सांगा," मी म्हणालो. "माह्यंही नाव घ्या. टॉमी म्यां देल्ती म्हनतलं होतं."

त्यांनी दोन पावलं टाकली. "शोभा, ऐक जरा..."

"सापडलं," वहिनी म्हणाल्या.

पुंडलिकराव थांबले. मी थांबलो. आम्ही दोघंही धावत गेलो. खरंच होतं. समुद्राच्या बाजूला, कमरेएवढ्या उंचीवर, खोल कोरलेलं, सुंदर वळणाचं. शोभा.

तीस वर्षांत पुंडलिकरावांच्या चेहऱ्यावर असा आनंद मी पाहिला नव्हता. देव आहे, एवढंच त्यांच्या तोंडावर लिहिलेलं होतं. जगात शोभा नावाच्या बायका काय कमी आहेत! वहिनींनी अक्षरांवरून हात फिरवला. "हातभर नाही हो," हसून म्हणाल्या, "पन हाय."

तेवढ्यात परब पोचले. वाकले. नावाच्या डाव्या बाजूला शेवाळ साचलं होतं. मूळ दगडाला बोट न लावणाऱ्या त्या माणसानं ते अंगठ्यानं खरवडून काढलं आणि मोठ्यानं वाचलं, "राजू. मग बदाम, त्यात बाण. मग शोभा. आणि खाली गाव लिहिलंय. अचलपूर."

वहिनींचं माहेर अचलपूर. हे त्या गच्चीवर परब सोडून सगळ्यांना माहीत होतं.

इंगळेनं घड्याळ पाहिलं आणि वेळ सांगितली नाही.

परब सरळ उभे राहिले. "राजू कोण?"

पुंडलिकरावांनी तोंड उघडलं. पण वहिनी आधी बोलल्या. चष्मा काढून त्या पदरानं पुसत होत्या, कोणाकडे पाहत नव्हत्या.

"हेच. यायचं लाडाचं नाव हाय ते."

परब पुंडलिकरावांकडे वळले. "काय हो राजूभाऊ? या वयात तरी लाज वाटते की नाही?"

पुंडलिकरावांनी वहिनींकडे पाहिलं. मग भिंतीकडे पाहिलं.

"वाटते," म्हणाले. "चुकलं."

परबांनी पोलिसांत दिलं नाही. प्रामाणिकपणे कबूल केलंत म्हणून सोडतो म्हणाले. वहिनी तोवर जिन्यात पोचल्या होत्या. चढताना पाच वेळा बसलेली बाई कोणाचा हात न धरता बेचाळीस पायऱ्या उतरली.

परतीच्या प्रवासात पुंडलिकराव माझ्या शेजारी येऊन बसले. पुढे वहिनी खिडकीशी, बाहेर पाहत. घाट संपला तसे ते माझ्या कानाशी वाकले.

"सुधाकर, माह्यं लाडाचं नाव तुले माहीत होतं काय बे?"

"नाही."

"मलेई नव्हतं."